पाठीमागे बसून शिकलेली भाषा

तामोत्सु शिओजावा लाकडाच्या वखारीत कामाला लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यानं मुकादमाला, चांगल्या पन्नाशीच्या राकट गड्याला, सगळ्यांसमोर विचारलं, "मंमं केली का?"

अख्खी वखार हसून हसून लोळली. मुकादम म्हणाला, "केली हो आजीबाई! आता गाईगाई करू का?" तामोत्सुही हसला. आपलं काय चुकलं ते त्याला कळलं नव्हतं. पण चार माणसं हसतात तेव्हा आपणही दात काढावेत, एवढं शहाणपण चाळीस वर्षं चीनमध्ये काढून त्याच्या अंगी आलं होतं.

चूक त्या बिचाऱ्याची नव्हतीच. पंचेचाळिसाव्या वर्षी जो माणूस स्वतःच्या आईची भाषा मुळापासून शिकायला बसतो, त्याला ती जिथं सांडलेली दिसेल तिथून वेचावी लागते. ह्याला ती मिळाली एका सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या तोंडून. आणि ती बाई बोलत असायची पाच वर्षांच्या मेलेल्या पोराशी.

जपानातल्या आमच्या इना खोऱ्यातली कितीतरी घरं महायुद्धाच्या आधी चीनच्या उत्तरेला जमीन कसायला गेली. सरकारनं सांगितलं, तिकडं जमीन पडलीय हवी तेवढी. गेली बिचारी. लढाई हरत आली, पंचेचाळीसच्या ऑगस्टात रशियाचे रणगाडे आले, आणि बायका पोरांना पाठीशी बांधून जंगलातून पळत सुटल्या. गेली तेवढी माणसं परत आली नाहीत. काही पोरं वाटेतल्या चिनी घरांत राहिली, तिथंच वाढली, चिनी झाली. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी त्यावर फारसं बोलत नाही.

शिगे शिओजावा पुढच्या वर्षी एकटीच परतली. नवरा फौजेत गेला होता, तो गेलाच. सासूनं दारातच विचारलं, "पोर कुठाय?"

"वाटेत एका चिनी बाईच्या ओटीत घातलं," शिगे म्हणाली.

सासूनं पुढं काही विचारलं नाही. काही वर्षांनी बेपत्ता माणसांना कागदोपत्री मेलेलं ठरवलं, तेव्हा देवळातून तामोत्सुच्या नावाची काळी लाकडी पाटी आली. ती पूर्वजांच्या देव्हाऱ्यात बसली, आणि त्या दिवसापासून शिगे रोज सकाळी तिच्यासमोर बसून बोलायला लागली. आधी घंटी वाजवायची, उदबत्ती लावायची, पहिला वाफाळता भात ठेवायची आणि मग गप्पा. आज गारठा फार आहे रे, वरच्या आळीतल्या म्हाताऱ्यानं पुन्हा कुंपण सरकवलं, असलं सगळं. गावाला त्याचं काही वाटत नसे. आमच्याकडे बायका बोलतातच आपल्या मेलेल्यांशी. जिवंत माणसं ऐकतात कुठं!

मग पस्तीस-चाळीस वर्षांनी ती वाटेत राहिलेली पोरं परत यायला लागली. पोरं कसली, चाळिशीची माणसं. दरवर्षी एक जथा टोकियोला यायचा. त्यांचे फोटो पेपरात, अंगावरच्या खुणा, काय आठवतं ते. ज्याला आपलं माणूस ओळखू येईल त्यानं पुढं यावं. झालं! गाव शिगेच्या मागं हात धुऊन लागलं. "अहो शिगेबाई, तुमचा तामोत्सु असेल की त्यात! जाऊन बघा तरी!" दोन वर्षं तिनं गुडघ्यांचं दुखणं पुढं केलं. तिसऱ्या वर्षी गावानं तिकीट काढून तिला गाडीतच बसवून दिलं.

शेवटच्या दिवशी हॉल रिकामा होत आला होता. एका कोपऱ्यात निळ्या कोटातला एक शेतकरी भिंतीकडे तोंड करून रडत होता. त्याच्यासाठी कुणीच आलं नव्हतं. उजव्या हातावर भाजल्याचा मोठा डाग. शिगे त्याच्यासमोर किती वेळ उभी राहिली कोण जाणे. मग म्हणाली, "हा माझा. लहानपणी चुलीवर पडला होता." रक्ताचा गटही जुळला. तो काय, निम्म्या देशाचा जुळतो. माणसानं तिच्या पायांना मिठी मारली आणि टीव्हीवर ते सगळ्या देशानं पाहिलं.

त्याचं तिकडचं नाव लियू बाओशान. सांभाळणारी चिनी आई जिवंत होती तोवर त्यानं गाव सोडलं नाही. तिला माती देऊन, लग्न झालेल्या लेकीला तिथंच ठेवून, पंच्याऐंशी साली तो बायकोला, शुलानला, घेऊन कायमचा आला. सरकारी वर्गात चार महिन्यांत तीनशे शब्द शिकला. स्टेशन कुठे आहे, हे सफरचंद आहे, माफ करा. त्या शिदोरीवर तो आमच्या गावात उतरला आणि आईसमोर बसला. आई बोलत होती आणि त्यात ना स्टेशन होतं ना सफरचंद.

त्याला फक्त एकच गोष्ट विचारायची होती. चाळीस वर्षं ती घशात अडकलेली. पहिल्याच आठवड्यात त्यानं ती शब्द जुळवून जुळवून विचारली, "आई. मला. का सोडलं?"

म्हातारीनं चुलीतली राख उकरली. "लांबलचक गोष्ट आहे. आत्ता कळायची नाही तुला. भाषा आली की सांगीन."

हे मात्र त्याला बरोबर कळलं. भाषा आली की सांगणार आहे. झालं, माणूस कामाला लागला.

सकाळी सहाला शिगे देव्हाऱ्यासमोर बसली की हा तिच्या पाठीमागं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, मुळा किसत नाहीतर काहीतरी सोलत बसायचा. कान तिकडं. एक अनोळखी शब्द पकडायचा आणि दिवसभर वखारीत फळ्या उचलताना तोंडात घोळवायचा. चीनमध्ये तिसरीनंतर शाळा सुटलेली, त्यामुळे लिहिण्याची बोंबच. गुरुवारी संध्याकाळी निवृत्त मास्तर मोमोसे ह्यांच्याकडे जाऊन साठवलेले सगळे शब्द एका दमात ओकायचा, पुढच्या गुरुवारपर्यंत विसरायला होईल म्हणून.

मोमोसे मास्तर कपाळाला हात लावत. "शिओजावा-सान, हा शब्द माझी आजी वापरायची. आणि हा तर बाळांशी बोलायचा. तुम्ही टीव्हीवरच्या बातम्या का नाही ऐकत?"

"बातम्यात माझी आई नाही," तो म्हणायचा.

मास्तर मग अर्थ सांगायचे.

पहिल्या वर्षी दहातला एक शब्द लागायचा. दुसऱ्या वर्षी तीन. तिसऱ्या वर्षी वाक्यंच्या वाक्यं हाताला यायला लागली, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा म्हातारीचं एका सकाळचं अख्खं बोलणं सलग कळलं, त्या दिवशी तो उड्या मारत परसात गेला. शुलान तिथं लसूण वाळत घालत होती. तिला जपानी शिकायची अजिबात हौस नव्हती. माझ्या पोटाला चिनी कळतं तेवढं पुरे, म्हणायची.

"काय रे म्हाताऱ्या, एवढा कशानं फुललास?"

"आई काय म्हणाली ते सगळं कळलं मला! सगळं!"

"काय म्हणाली?"

"तू प्रत्येक भाजीत लसूण घालतेस. घराला वास मारतो. झोप येत नाही."

"अगं बाई!" शुलाननं लसणाची गड्डी त्याच्या अंगावर फेकली. "मेलेल्यांपुढंही माझ्याच चुगल्या! तीन वर्षं घाम गाळून हे शिकलास होय रे मुडद्या?"

दोघं खूप हसली. त्या घरात इतकं हसू त्यानंतर झाल्याचं ऐकिवात नाही.

त्या काळ्या पाटीचं एक सांगायचं राहिलं. तामोत्सु परत आला, कागदावरचं त्याचं मरण खोडलं गेलं, तेव्हा देवळातले भटजी स्वतः पाटी न्यायला आले होते. जित्या माणसाची पाटी घरात ठेवणं बरं नव्हे. शिगे आडवी आली. "राहू द्या. इतक्या वर्षांची सवय आहे." भटजी हात हलवत गेले. तामोत्सुला तर उलट बरंच वाटलं. त्याला वाटे, आई माझ्या लहानपणाशी बोलते. तोंडावर बोलायला लाजते म्हणून पाटीला सांगते. "ऊठ रे तामो, मंमं गरम आहे," असं ती पाटीला म्हणाली की उंबऱ्यात बसलेला हा पन्नाशीला टेकलेला बाप्या मनातल्या मनात म्हणायचा, उठलो आई. केवढं सुख होतं त्याला त्याचं! वखारीत हसतात तर हसोत.

फक्त एक गोष्ट खुपायला लागली. पाटीशी बोलताना म्हातारी मधूनच "तो माणूस" म्हणायची. तो माणूस आज दमून आला. त्या माणसानं छप्पर शाकारलं. तामोत्सुला वाटलं, शेजारचा कुणी असेल. पण छप्पर तर त्यानंच शाकारलं होतं. मग त्यानं स्वतःची समजूत घातली, की म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, घरच्यांनाही परक्यासारखं म्हणतात. भाषाच तशी असेल. आपल्याला अजून पुरती कुठं येते.

पाचव्या वर्षीचा पानगळीचा मोसम. पर्सिमॉनची फळं सोलून दोऱ्यांना टांगायचे दिवस, घराघराच्या वळचणीला नारिंगी पडदे लागलेले. त्या गुरुवारी त्यानं मास्तरांना तीन शब्द विचारले. पहिले दोन किरकोळ निघाले. तिसरा ऐकून मास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"हा कुठं ऐकलात?"

"टीव्हीवर."

"नाकातोंडावर काही दाबून श्वास कोंडणं," मास्तर म्हणाले. "वाईट शब्द आहे. लागणार नाही तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा उंबऱ्यात फळं सोलत बसला. म्हातारीनं घंटी वाजवली. आणि गेली पाच वर्षं त्यानं शंभरदा ऐकलेलं, शंभरदा कानांवरून वाहून गेलेलं बोलणं त्या सकाळी एकही भोक न राहता त्याच्यापुढं उभं राहिलं.

"तामो, ऊठ रे राजा. मंमं ठेवलीय. तो माणूस काल पुन्हा तुझ्या नावाची सही करून आला. रागावू नको. त्याला नाव नव्हतं आणि तुला लागत नव्हतं, म्हणून दिलं. तुझ्या अंगावर कुठला रे डाग, तांदळाच्या पिठासारखं अंग तुझं. पण गाव सोडेना मला. ओटीत घातला म्हणाले होते ना मी, मग जा, शोध, म्हणाले गाववाले. आता काय सांगणार होते? तू रडत होतास, सगळे म्हणाले पोराला गप्प कर, रशियन ऐकतील. केला गप्प. फडकं दाबून श्वास कोंडला तुझा, ह्याच हातांनी. ते फडकं अजून हाताला ओलं लागतं बघ. आणि तो माणूस तिथं टोकियोत भिंतीशी रडत होता. त्याला तरी कुणी गप्प करावं, असं वाटलं मला."

मग तिनं हात जोडले आणि म्हणाली, "आज ऊन चांगलंय. फळं वाळतील."

तामोत्सुच्या हातातली सुरी थांबली नाही. सवयीनं चालत राहिली. सालाची लांब पट्टी टोपलीत पडत होती. म्हातारी गुडघ्यांवर हात देत उठली, त्याच्याकडे पाहून म्हणाली, "नीट सोल, देठ मोडू नकोस." तो म्हणाला, "हो आई." त्या दिवशी त्यानं चारशे फळं सोलली आणि संध्याकाळी सगळी वळचणीला टांगली.

राग आला होता, का खोटं बोला! असा राग आला की म्हातारीच्या दंडाला धरून तिला देव्हाऱ्यासमोरून ओढावं, पाटी अंगणात भिरकावून द्यावी. हा तामोत्सु नव्हता. लियू बाओशान हे नाव तर त्यानं स्वतःच फेडून ठेवलं होतं. मग हा कोण? आणि त्याहून भयंकर विचार असा, की कुठंतरी आणखी एक म्हातारी असेल. हातावर डाग असलेलं पोर जंगलात हरवलेली. ती टोकियोला निघायच्या बेतात असेल, आणि तेवढ्यात टीव्हीवर तिनं पाहिलं असेल, की त्या डागवाल्याला त्याची आई मिळाली. बरं झालं हो, कुणाचं तरी भलं झालं, असं म्हणून तिनं टीव्ही बंद केला असेल.

त्या हिवाळ्यात नवा जथा आला तेव्हा तो टीव्हीला डोळे लावून बसला. आलेल्या माणसांकडे त्यानं पाहिलंच नाही. हॉलमध्ये शोधत फिरणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे पाहत होता. कुणाचं नाक, कुणाचं कपाळ. शुलान म्हणाली, "काय शोधतोस रे एवढं?" तो म्हणाला, "काही नाही." शुलानला सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी बोचकं बांधलं असतं. आणि परत जायचं तर कुठल्या नावानं?

मोमोसे मास्तरांकडे जाणं त्यानं बंद केलं. मास्तरच एकदा काठी टेकत घरी आले. "शिओजावा-सान, तुम्ही तर आता आमच्या जुन्या माणसांसारखं बोलता. ऐन वेळी कशाला सोडता?"

"डोक्यात मावत नाही आता," तो म्हणाला. मास्तरांना वाईट वाटलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत हा सगळ्यात चिवट होता.

पण सकाळी तो उंबऱ्यात बसायचाच. दुसरीकडे कुठं बसावं ते सुचायचं नाही. आता प्रत्येक शब्द कळत होता. म्हातारी पाटीला सांगायची, तो माणूस हल्ली जेवत नाही धड. तो माणूस कसल्या काळजीत आहे, कळत नाही, विचारायची माझी छाती होत नाही. आणि हा पाठीमागं बसून ते ऐकायचा. माघाच्या गारठ्यात एकदा ती म्हणाली, "तामो, खरं सांगू? तू असतास तरी इतकं केलं नसतंस." त्या दिवशी त्याला रागावणंही जमलं नाही. आणि जमलं नाही म्हणून तो आणखी चिडला.

बर्फ वितळायच्या आधी शिगे न्हाणीघरात पडली. मांडीचं हाड मोडलं, मग छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी तामोत्सुला बाजूला घेऊन सांगितलं, आणि एकेका शब्दावर थांबत विचारलं, "समजलं का तुम्हाला?" त्याला सगळं समजलं होतं. बोटांवर मोजण्याइतके दिवस उरले होते.

तो दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बसून असायचा. एका दुपारी शुलान भाकऱ्या आणायला घरी गेली होती. म्हातारी जागी झाली, शुद्धीवर होती, डोळे स्वच्छ. त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या पाठीमागं बसलास. माझं बोलणं किती कळतं रे तुला?"

ह्याच प्रश्नासाठी तर त्यानं पाच वर्षं शब्द वेचले होते. सगळं कळतं, आई. एवढे तीन शब्द. तिच्या खेड्याच्या बोलीत, तिच्या हेलात, मास्तरांनाही परका वाटला नसता इतके चोख म्हटले असते त्यानं. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला तिचे हात दिसले. पांघरुणाची कड तिनं दोन्ही मुठींत घट्ट धरली होती. म्हातारी त्याला घाबरली होती.

"थोडं," तो म्हणाला. "थोडं थोडं. अवघड."

मुठी सुटल्या. "बरं झालं," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले. मग, त्याला कळत नाही एवढ्या भरवशावर, आयुष्यात पहिल्यांदा ती पाटीला सोडून त्याच्याशी मनातलं बोलायला लागली.

सगळं सांगितलं. जंगल, फडकं, झाडाखाली पानं घालून ठेवलेलं पोर. टोकियोचा हॉल. "तुला आई असेल रे कुठंतरी. शोधत असेल. मी तुला तिच्यापासून चोरलं. गावाच्या तोंडाला घाबरून चोरलं, आणि मग तू मला आवडायला लागलास. तुझं खरं नाव काय, ते एकदा तरी विचारायला हवं होतं मी."

तो ऐकत होता. चेहऱ्यावर, आमच्या गावात नव्यानं उतरलेल्या माणसाच्या असतं, तसलं कोरं हसू धरलं होतं त्यानं. नको तिथं मान डोलवत होता, हवी तिथं नाही. गालफडं दुखायला लागली. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नव्हतं. ते आलं असतं तर तिला कळलं असतं.

"मला माफ कर," ती शेवटी म्हणाली, आणि त्याच्याकडे बघत थांबली.

माफ केलं, म्हणायला त्याच्याकडे शब्द होते. एक सोडून चार होते, मास्तरांनी सगळे शिकवले होते. नाही करणार, म्हणायलाही होते. दोन्ही त्याच्या जिभेशी आले. त्यानं फिडिंग कप उचलला, नळी तिच्या ओठांशी धरली, आणि सरकारी वर्गातल्या पहिल्या आठवड्यातल्या माणसासारखा अडखळत म्हणाला, "आई. पाणी? पाणी पाहिजे?"

म्हातारीनं नळी ओठांत धरली आणि दोन घोट घेतले.